रंग बदलणारी पट्टी की सेन्सरवाली?

एकाने विचारलं, स्मार्ट ड्रेसिंग, म्हणजे जखमेची स्थिती स्वतः सांगणारी पट्टी, डिझाइन करायचंय, पेशंटच्या दृष्टीने कुठलं बरं? जाहिराती सोडा, खरा प्रश्न एकच, पट्टी न उघडता जखमेचं काय कळतं, कारण दरवेळी उघडली की दुखतं आणि नवी कातडीही निघते.

रंगवाली सोपी. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप) साधारण 4 ते 6, चिघळलेली जखम 7 च्या वर जाते आणि पट्टीचा रंग बदलतो. बॅटरी नाही, खर्च कमी, घरच्यांनाही दिसतं. पण रक्त-पू लागला की रंग कळत नाही, रात्री कमी उजेडात तर नाहीच, आणि नुसत्या पीएचवरून इन्फेक्शन ठरवता येत नाही हेही आलंच.

सेन्सरवाली तापमान, ओलावा सतत मोजते, डॉक्टरला लांबून दिसतं. पण महाग, चार्जिंगची कटकट, सर्किट कडक असलं तर झोपताना टोचणार (हे डिझाइनवाले हमखास विसरतात), शिवाय खोटे अलार्म आले की माणूस घाबरतो.

दोन्हीत पट्टी भिजली की बदलायचीच.

घरी साधी जखम, सांभाळायला माणूस आहे, तर रंगवाली. डायबेटिसमुळे पायाला संवेदनाच नाही, दुखलेलं कळत नाही, तिथे सेन्सर.