हेम्प की मारिवाना: झाड एक, कायदे दोन

अमेरिकेचा केंद्रीय कायदा रोप बघत नाही, आकडा बघतो. 1970 च्या कायद्याने गांजा थेट बंदी असलेल्या अमली पदार्थांच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत, हेरॉइनच्या पंगतीला बसवला. 2018 च्या शेती कायद्याने सुक्या वजनात डेल्टा-9 टीएचसी (नशा आणणारा घटक) 0.3 टक्क्यांपर्यंत असलेलं रोप 'हेम्प' म्हणून त्यातून सोडवलं.

पण हेम्पवाल्याची खरी परीक्षा काढणीआधीच्या 30 दिवसांत. नमुना शेंड्याचा, फुलोऱ्यासकट घेतात आणि टीएचसीए (तापवल्यावर टीएचसी बनणारं आम्ल) 0.877 ने गुणून बेरजेत धरतात. टीएचसी 0.1, टीएचसीए 0.4 असेल तर बेरीज 0.45. पीक बाद! मग फुलं काढून नष्ट करा, नाहीतर सगळं भरडून पुन्हा तपासून घ्या. रोप पिकत जाईल तसा आकडा चढतो, म्हणून काढणी लांबवणं महागात पडतं.

मारिवानाला, म्हणजे 0.3 टक्क्यांवरच्या गांजाला, हेम्पसारखी सुटका नाही. राज्याने दुकानं उघडू दिली तरी केंद्राचा गुन्हा उरतोच. न्यू जर्सीतल्या ग्रीनकार्डवाल्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं: दुकानाची पावती इमिग्रेशनपुढे चालत नाही. स्वतःपुरता 30 ग्रॅमपर्यंत माल बाळगल्याच्या एका गुन्ह्याला हद्दपारीतून सूट आहे; भारतवारीहून परतताना, प्रवेशाच्या वेळी, ती आपोआप मिळत नाही.