वेदरिंगच्या नावाखाली माझा सेंच्युरियन गेला आणि 22,849 रुपयेही

22,849 रुपये आणि माझ्या हातांनी जोडलेलं सेंच्युरियन रणगाड्याचं 1/35 मापाचं मॉडेल, दोन्ही गेलं. ‘मॉडेलला रंग आणि वेदरिंग, म्हणजे गंज, चिखल, झीज दाखवणारं रंगकाम, करून देतो’ म्हणणाऱ्यानं नेलं. लिहितोय ते एवढ्यासाठीच की हा माणूस अजून मोकळा आहे. नागपुरातल्याच आणखी दोघांना त्याचे अगदी तसेच मेसेज आले आहेत. ओटीपी मागणारे, लॉटरीवाले, ‘तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय’ म्हणणारे, हे सगळे आपल्याला पाठ झालेत. हा त्यांच्यातला नाही. हा आपल्या छंदाची भाषा बोलतो, आणि बरोबर बोलतो.

आधी मॉडेलबद्दल सांगतो, कारण पोलीस ठाण्यात ते कुणी ऐकूनच घेतलं नाही. एएफव्ही क्लब या मॉडेल कंपनीचा सेंच्युरियनचा किट, 6,450 रुपये. पितळी पत्र्याच्या बारीक भागांचा सेट, 1,850. एकेक कडी जोडायची वेगळी ट्रॅक (रणगाड्याच्या चाकांवरचा पट्टा), 2,900. म्हणजे रंगाचा थेंब लागायच्या आधीच 11,200 रुपये. मामांच्या पंचाहत्तरीसाठी करत होतो. मामा सैन्यात रणगाड्यांच्या दुरुस्तीवर होते, सेंच्युरियनची इंजिनं त्यांनी स्वतः उघडलेली आहेत. त्यामुळे रणगाडा कुठला करायचा हे ठरलेलंच होतं: 16 डिसेंबर 1971, बसंतरची लढाई, 17 पूना हॉर्स, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’. वयाच्या एकविसाव्या वर्षी, पेटलेला रणगाडा सोडायला नकार देऊन लढता लढता गेलेल्या माणसाचा रणगाडा. असलं मॉडेल कुणी ‘शोपीस’ म्हणून करत नाही.

जोडणी पूर्ण माझी. स्प्रूवरून (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) प्रत्येक भाग कापून, घासून, कोरडा बसवून पाहून मगच चिकटवलेला. सेंच्युरियनच्या चाकांवर बाजूनं ज्या पोलादी प्लेट असतात, त्यातली डाव्या बाजूची सगळ्यात मागची मी मुद्दाम लावली नाही. लढाईत आणि चिखलात या प्लेट निघून जायच्या, आणि त्या मोकळ्या जागेतून चाकं आणि ट्रॅक छान दिसतात. प्लेट ज्यावर अडकते ते ब्रॅकेट मी पितळी पट्टी वाकवून, डाग (सोल्डर) देऊन केले. दुसऱ्या ब्रॅकेटवर डाग थोडा जास्त झाला, तो घासूनही पूर्ण गेला नाही. हे सगळं लक्षात ठेवा, पुढं कामाचं आहे.

आता कुणी म्हणेल, एवढं केलं तर रंग बाहेर का दिला? घरात आईला दमा आहे. लॅकर थिनर आणि एअरब्रशचा फवारा दोन खोल्यांच्या घरात मारता येत नाही. बाल्कनीत मारावा तर नागपूरच्या उन्हाळ्यात रंग मॉडेलवर पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात दमटपणामुळे वार्निशवर पांढरा धुरकट थर येतो. पैसे फेकून आयतं काम करून घ्यायची हौस मला नव्हती.

त्याची ओळख सोशल मीडियावरच्या त्याच्या पानावरून झाली. स्वतःला देवळालीचा म्हणवायचा, वडील तोफखान्यात होते म्हणायचा. पहिल्याच फोनवर त्यानं हेअरस्प्रेचं चिपिंग (रंगाचे टवके उडाल्यासारखं दाखवणं) समजावलं: खाली गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, वर हिरवा अ‍ॅक्रेलिक, मग पाण्यानं ओलं करून ताठ ब्रशनं हलके घासायचं. बरोबर. डिकल (मॉडेलवर चिकटवायचे नंबर, खुणा) नेहमी चकचकीत वार्निशवर, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. तेही बरोबर. वर म्हणाला, “सर, बसंतर डिसेंबरातली आहे, तुम्हाला आपला विदर्भातला काळा चिखल देणार नाही. फिकट, सुकलेली पंजाबची माती देईन, आणि चाकांच्या आतल्या बाजूला तेवढी ओली.” हे ऐकल्यावर कोण संशय घेईल? ज्ञान म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नाही. समोरच्याला पिगमेंट (सुकी रंगभुकटी) आणि वॉश (पातळ रंगाचा हात) यातला फरक कळतो, यावरून त्याचा पत्ता खरा आहे असं मुळीच सिद्ध होत नाही.

मॉडेल कुरियरनं त्याच्याकडे पाठवलं. पैसे असे गेले. अ‍ॅडव्हान्स 7,000. मग ‘आयात केलेले रंग आणि पिगमेंट’ म्हणून 4,500. काम संपल्याचे फोटो पाठवून बाकीचे 6,500. त्यानंतर लाकडी पेटी आणि विम्याचे 1,850. आणि शेवटी 2,999 ‘परत मिळणारं डिपॉझिट’, कुरियरवाला पेटी हातात देताच खात्यात उलट येणार म्हणे. अ‍ॅडव्हान्स आणि रंगांचे पैसे एका यूपीआय आयडीवर, बाकीचे तिन्ही हप्ते दुसऱ्यावर. दुसऱ्यावर नाव वेगळं दिसलं. “बायकोचं खातं आहे,” म्हणाला. पैसे घेणाऱ्याचं नाव एक आणि खात्यावरचं नाव दुसरं असेल तर तिथंच थांबा. बायको असो की भाऊ.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप मोडते. बेस कोटचे, म्हणजे रंगाच्या पहिल्या हाताचे, फोटो आले. हिरवा रंग, तीन कोनांतून. दुसऱ्या फोटोत डावी बाजू होती. मागची प्लेट जागेवर होती.

जी प्लेट मी लावलीच नव्हती ती.

मी बघितलं. लगेच बघितलं आणि लगेच विचारलं, माझ्याकडे तो मेसेज अजून आहे. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं: “सर, माझ्याकडे स्पेअर किट होता, त्यातली बसवली. कडेला रंग सारखा मारायला सोपं जातं. शेवटी काढतो, ब्रॅकेट तसेच ठेवलेत, सुंदर केलेत तुम्ही.” ब्रॅकेटची स्तुती. मी ब्रॅकेट केल्याचं मीच त्याला पहिल्या फोनवर सांगितलं होतं, तेच त्यानं मला परत दिलं. त्या एका वाक्यानं माझं तोंड बंद केलं. रंगवताना एखादा भाग तात्पुरता बसवणं ही काही नवलाची गोष्ट नाही, मीही केलंय. म्हणून उत्तर पटलं. त्या क्षणी फक्त एवढंच म्हणायचं होतं: प्लेट काढून आत्ता फोटो पाठवा.

पुढं ऑइल कलरचा वॉश रात्री दिला आणि सकाळी त्यावर पिगमेंट लावून झाले म्हणाला. ऑगस्टमधल्या हवेत ऑइल कलर एका रात्रीत वाळतो? विचारलं. “ड्रायर बॉक्स आहे.” तेही पटण्यासारखंच, कारण असे बॉक्स खरोखर वापरतात. आणि प्रत्येक फोटोत टरेटचा (तोफेच्या फिरत्या बुरुजाचा) वरचा भाग कापलेला असायचा. “नंबर आणि नाव सरप्राइज ठेवतोय,” म्हणे. डिपॉझिट गेल्यावर फोन बंद झाला, तेव्हा मी तो फोटो टाकून मूळ कुठला ते इंटरनेटवर शोधलं. कोरियाच्या युद्धातल्या ब्रिटिश सेंच्युरियनचं मॉडेल, कुणा परदेशी माणसानं बऱ्याच वर्षांपूर्वी केलेलं. टरेटवर ब्रिटिश खुणा. कापलं ते म्हणून.

काम बाहेर देणाऱ्यांनो, फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल मागा, आणि मॉडेलशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायला सांगा. मॉडेल पाठवण्याआधी त्याच्या तळाला, आतल्या बाजूला, सुईनं स्वतःची खूण कोरून ठेवा आणि तिचा फोटो काढा.

फोन बंद झाला त्याच संध्याकाळी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली. ती नोंदली गेली, पोचक्रमांक मिळाला. शेवटच्या हप्त्यांपैकी 1,140 रुपये त्या खात्यात गोठवले गेले. बाकी रक्कम पुढं वळवून झालेली. ते 1,140 मिळवायलाही तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा, हे मला नंतर कळलं. कळलं तेही एका वकील मित्राकडून. ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगितलं नाही.

इथून पुढं जी टोलवाटोलवी सुरू झाली तिनं पैशांपेक्षा जास्त चीड आणली. माझ्या भागातल्या ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. ठाण्यात परत आलो तर नवीन साहेब, पुन्हा पहिल्यापासून सांगा. तिथल्या एकानं कागद हातात घेतला आणि शेजारच्याला म्हणाला, “खेळण्याले तेवीस हजार दिले यानं!” दोघंही हसले. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, हातात बँकेचं स्टेटमेंट, सगळे यूटीआर (बँक व्यवहारांचे) क्रमांक, मेसेजचे प्रिंट घेऊन उभा, आणि माझ्यासमोर हसतात. साहेब म्हणाले, “पैसे तुम्हीच पाठवले, पार्सलही तुम्हीच पाठवलं. काम झालं नाही, एवढंच. हा दिवाणी मामला आहे. ग्राहक मंचात जा.”

दिवाणी? खोटे फोटो दाखवून माणसाला वस्तू आणि पैसे द्यायला लावणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ऑनलाइन असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड कलम वेगळं. आणि ग्राहक आयोगात तक्रार करायची तर विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पत्ता कुणाकडे? कुरियरकडे. कुरियरवाले म्हणतात, डिलिव्हरीचा तपशील पोलिसांच्या पत्राशिवाय देणार नाही. पोलीस म्हणतात, गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र देणार नाही. आणि गुन्हा दाखल करत नाहीत, कारण पत्ता नाही. घाण्याच्या बैलासारखं फिरवलं मला, आणि यातल्या एकालाही त्याची लाज नव्हती.

त्यात कुरियरची पावती. पार्सल दिलं तेव्हा 480 रुपये घेतले. बुकिंगवाल्यानं मला न विचारता लिहिलं: ‘प्लॅस्टिक खेळणं, किंमत 500’. मी म्हणालो, किंमत जास्त आहे. म्हणाला, “जास्त लिहिली तर बिल लागेल, विमा लागेल, आज जाणार नाही.” आता तीच पावती ठाण्यात माझ्याविरुद्ध वापरली जाते: तुमच्याच कागदावर किंमत पाचशे आहे. पार्सलची खरी किंमत लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. किटचं बिल जपून ठेवा, जोडणी चालू असतानाचे फोटो तारखेसकट ठेवा. ते नसतील तर तुमच्या कामाची किंमत कुणी मानणार नाही.

बँकेत वेगळीच तऱ्हा. “पिन तुम्ही स्वतः टाकला ना सर?” हो, टाकला. फसवणूक याचंच नाव आहे. कुणी पिस्तूल लावून पिन टाकायला सांगत नाही. त्या दुसऱ्या खात्याला केवायसी कुणी दिली, त्या खात्यात माझ्यासारख्या किती जणांचे पैसे आले, हे विचारलं तर ‘गोपनीय’. चोराची माहिती गोपनीय, आणि माझा मोबाइल नंबर, आधार, पत्ता मात्र प्रत्येक टेबलावर लिहून घेतला.

आता कलम 173 वाचलंय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं. गुन्हा कुठंही घडलेला असो, दखलपात्र असेल तर ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायचीच असते. नाही घेतली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकाकडे, शहरात उपायुक्तांकडे, पोस्टानं पाठवायची, आणि तिथंही नाही झालं तर दंडाधिकारी. उपायुक्तांना पोस्टानं अर्ज गेला आहे. पोचपावती आली, उत्तर नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तोंडी सांगत बसू नका, पहिल्याच दिवशी अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर ठाण्याबाहेर पडून लगेच पोस्टानं पाठवा.

मामांची पंचाहत्तरी झाली. मॉडेल नव्हतंच, मग शाल आणि हार दिला. त्यांना काय झालं ते सांगितलं तेव्हा त्यांनी पैशांचं काहीच विचारलं नाही, फक्त ‘ट्रॅक एकेक कडीची होती ना?’ एवढं विचारलं.

आणखी एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. माझं मॉडेल तो फेकणार नाही, विकेल. न रंगवलेला किंवा नुकताच रंगवलेला 1/35 सेंच्युरियन, डाव्या बाजूची मागची प्लेट नसलेला, पितळी ब्रॅकेट, पुढून दुसऱ्यावर डागाचा फुगवटा, ट्रॅक सुटी कडी जोडलेली: असं काही कुणाला विकत देऊ केलं गेलं तर पैसे देऊ नका, विकणाऱ्याशी वाद घालू नका. जाहिरातीचा, नंबरचा आणि यूपीआय आयडीचा स्क्रीनशॉट घ्या आणि माझ्यापर्यंत पोचवा. किटचं बिल, कुरियरची पावती आणि जोडणीचे सगळे फोटो माझ्याकडे आहेत.