एकाच आरएस-४८५ लाइनवर मीटर वाढवताना: मॅक्स ४८५, ४८७ की ३०८२?

भोसरी-चाकणच्या शेडमध्ये मीटर दहाने सुरू होतात आणि वर्षभरात पन्नास होतात. हे सगळे आरएस-४८५ या दोन तारांच्या एकाच लाइनवरून डेटा पाठवतात. म्हणून मीटरला या लाइनशी जोडणारी चिप घेताना मी किमतीआधी तिचा इनपुट रेझिस्टन्स, म्हणजे ती लाइनवर किती भार टाकते, ते बघतो.

आरएस-४८५ मानकात हा भार 'युनिट लोड'मध्ये मोजतात. एक युनिट लोड म्हणजे साधारण १२ किलोओहम. ड्रायव्हरने, म्हणजे चिपच्या सिग्नल पाठवणाऱ्या भागाने, असे ३२ पेलावेत, ही अपेक्षा. ३२ रिसीव्हर समांतर आले की प्रत्येक तारेवरून ग्राउंडकडे ३७५ ओहमची वाट तयार होते. सिग्नलचे परावर्तन थांबवायला लाइनच्या दोन टोकांना लावलेले १२०-१२० ओहमचे रेझिस्टर मिळून ६० झाले, ते वेगळेच. एवढा भार ओढूनही ड्रायव्हरने १.५ व्होल्ट द्यायचे असतात. रिसीव्हरला २०० मिलिव्होल्ट पुरतात, पण मधली शिल्लक लांब केबल आणि मोटारींचा नॉइज खाऊन टाकतात.

मॅक्स ४८५ पूर्ण एक लोड घेते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ती सहज मिळते, वेग २.५ मेगाबिट. पंधरा-वीस नोडवर (लाइनला जोडलेल्या उपकरणांवर) थांबणार असाल तर हीच घ्या. ४८७ पाव लोडची: १२८ नोड, २५० किलोबिट.

माझा कौल मात्र ३०८२ ला. रेझिस्टन्स ९६ किलोओहम, म्हणजे एक अष्टमांश लोड, २५६ नोड. वेग ११५ किलोबिटच. पण आपले मीटर ९६०० बिट प्रति सेकंदावर बोलतात, आणि सिग्नलचे चढ-उतार संथ असल्यामुळे मधल्या फाट्यांवरचे परावर्तन कमी त्रास देते. शिवाय लाइन शांत असताना रिसीव्हरचा आउटपुट आपोआप हाय राहतो. शांत लाइन ठरावीक पातळीवर धरून ठेवणारे जास्तीचे बायस रेझिस्टर लावून लोड वाढवावा लागत नाही. पिना तिन्हींच्या सारख्याच. जुन्या २० मॅक्स ४८५ तशाच ठेवून ४० नव्या ३०८२ जोडल्या, तरी बेरीज २५ लोडच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्वस्त तयार मॉड्यूलवर बहुधा १२० ओहम आधीच सोल्डर केलेला असतो. एका कामात आम्ही अशी आठ जोडली आणि दोन दिवस चिपलाच दोष देत बसलो. लाइनवर राहिले होते १५ ओहम. वीज बंद करून लाइनच्या ए आणि बी या दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावा. ६० च्या जवळपास आकडा हवा. तो १५-२० दाखवत असेल तर नवी चिप आणायला जाऊ नका. आधी मधल्या मॉड्यूलवरचे १२० काढा.