ब्रेस्त अल्बात्रोसचा सीझन पास: हिवाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

फ्रान्समधल्या ब्रेस्तमधे नवीन आलेले आपले लोक सारखं विचारतात की वीकेंडला करायचं काय, फुटबॉलचं तिकीट मिळत नाही आणि पाऊस काही थांबत नाही. माझं उत्तर ठरलेलंय, इथल्या आईस हॉकी क्लबचा, म्हणजे ब्रेस्त अल्बात्रोसचा सीझन पास काढा. मी सप्टेंबरपासून वापरतेय, आता प्लेऑफ (सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या) तोंडावर आलेत, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक क्लिअर करते, ही फ्रान्सची टॉपची लीग नाही. टॉपला लीग मॅग्नुस, तिथे रुआँ, ग्रनोब्ल वगैरे शहरांचे क्लब. आपले अल्बात्रोस त्याच्या खालच्या डिव्हिजन 1 मधे. नावात 1 आणि लीग दुसऱ्या नंबरची, असो.

खेळाबद्दल सांगायचं तर पहिल्या दोन-तीन मॅचमधे पक (चेंडूऐवजी असते ती चपटी चकती) दिसतच नाही, गोल झाला की लोक ओरडतात तेव्हा कळतं. पक रबरी असतो, उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवतात, तो काचेवर आदळला की असा खाडकन आवाज येतो की हातातली कॉफी सांडते. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, प्लेयर जेमतेम मिनिटभर खेळून धापा टाकत बाकावर येतात आणि दुसरे उड्या मारून आत जातात, खेळ थांबतच नाही. पकच्या मागे नका धावू, प्लेयर कुठे वळतायत ते बघा, मग हळूहळू डोळा बसतो. "रिंकला" नावाचं इथलं स्टेडियम छोटं आहे त्यामुळे सगळं अगदी नाकासमोर, मोठ्या शहरात एवढ्या जवळून बघायला मिळणार नाही.

पण पासचे पैसे माझ्यासाठी वसूल झाले ते क्लबच्या हिस्ट्रीमुळे. शेजारच्या सीटवर एक रिटायर्ड काका असतात, गोदीत नोकरी केलेले, ब्रेकमधे बर्फ सपाट करणारी गाडी फिरायला लागली की यांची गाडी 96 सालात जाते. तेव्हा टॉप लीगमधे 90 पासून रुआँचं राज्य होतं, मधलं 91 ग्रनोब्लनं नेलं तेवढंच. आणि या सगळ्यांना मागे टाकून 1996 ला चॅम्पियन कोण, तर ब्रेस्त! ना डोंगर ना बर्फ, देशाच्या पार पश्चिम टोकाचं नौदलाचं गाव. 1997 ला परत चॅम्पियन. आणि त्याच वर्षी क्लबचं दिवाळं वाजलं. म्हणजे कप हातात आणि तिजोरीत खडखडाट. पुढच्या सीझनला चॅम्पियन टीम टॉप लीगमधे नाहीच, खालच्या डिव्हिजनमधून सगळं पहिल्यापासून.

मला आधी कळेना की जिंकणारा क्लब बुडतो कसा. तर फ्रान्समधे हॉकीला फुटबॉलसारखा टीव्हीचा पैसा नाही, क्लब चालतो तिकिटं, स्पॉन्सर आणि नगरपालिकेच्या मदतीवर. वर टिकायचं तर बाहेरचे प्लेयर आणायचे, त्यांचे पगार, घरं, आणि ब्रेस्तच्या बाबतीत प्रवास, कारण इथून सगळंच लांब, देशाच्या पूर्वेकडच्या म्युलूझला जायचं तर एका बाजूचे हजारेक किलोमीटर. कप जिंकल्यानं यातलं काहीच कमी होत नाही, उलट पुढच्या वर्षी सगळ्यांचा भाव वाढतो. लग्नात हौसेनं हजार पानं उठवायची आणि मग वर्षभर वाण्याची उधारी फेडायची, तसला प्रकार. गंमत म्हणजे याच गावातल्या फुटबॉल क्लबचं 1991 मधे हेच झालं होतं, कर्जापायी आधी खाली ढकलले गेले आणि मग दिवाळखोरी. तोच क्लब 2024 ला चॅम्पियन्स लीग खेळला, तेही स्वतःचं ग्राउंड नियमात बसत नाही म्हणून गँगाँ या दुसऱ्या गावाला जाऊन.

हॉकीवाले पण परत वर गेले होते. 2013 ला डिव्हिजन 1 जिंकून मॅग्नुसमधे पोचले, तीन सीझन काढले, 2016 ला लीग 14 वरून 12 टीमची करायची ठरली त्यात परत खाली.

त्यामुळे मला विचाराल तर यांनी वर जायची घाईच करू नये. इथे मॅच चुरशीच्या होतात, पोरं प्रेमानं बघायला येतात, खर्च अंथरूण बघून होतो. काकांना हे बिलकुल पटत नाही, म्हणतात तू 97 बघितलं नाहीस म्हणून बोलतेस, एकदा तो कप गावात आला की मग बाकीचं कळतं. यावर आमचं दर मॅचला वाजतं, आणि समोर गोल झाला की दोघंही भांडण विसरून उभे.

आता कामाचं. आत थंडी असतेच, बर्फावरचाच खेळ आहे, तर थर्मल आणि जाड मोजे मस्ट, एकावर एक दोन घातले तरी चालतील. घरून आई-बाबा आले असतील तर त्यांच्यासाठी ब्लँकेट न्या, माझ्या बाबांना खेळापेक्षा मारामारी जास्त आवडली आणि चूक केली म्हणून पेनल्टी बॉक्समधे बसवलेल्याला "शाळेत अंगठे धरून उभं करायचे तसंच हे" म्हणाले. गोलच्या मागे जाळी असते, फोटो नीट येत नाहीत, कोपऱ्यातली सीट बघा. फक्त हॉकीची क्वालिटीच बघायची असेल तर पास नका घेऊ, सुट्टीत रुआँला जाऊन एक मॅच बघून या. आणि पूर्ण पास जड वाटत असेल तर निदान एखाद्या मॅचचं तिकीट काढा, झेंडे, ढोल, सगळं असतं, पण जरा लवकर जा.