दूध तोडलेल्या पिल्लांसाठी प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक : काही महिन्यांच्या वापरानंतर

सिंधुदुर्गातील आमच्या छोट्या वराहपालनात लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या संकरित माद्या आहेत. गेल्या पावसाळ्याच्या तोंडापासून आम्ही त्यांच्या पिल्लांना प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवंत जिवाणू) आणि प्रीबायोटिक (त्या जिवाणूंचे खाद्य) नियमित देत आहोत. माझे मत आधीच सांगतो. ही वस्तू उपयोगी आहे, मात्र पिल्ले आईपासून तोडण्याच्या आधीपासून दिली तरच. हगवण लागल्यावर तिच्याकडून औषधाचे काम होत नाही.

याचे कारण पिल्लाच्या पोटातच आहे. दूध पीत असेपर्यंत दुधातील साखरेपासून लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करतात आणि जठर आंबट राहते. दूध तुटले की हा आधार जातो, पिल्लाचे स्वतःचे जठराम्ल अजून पुरेसे नसते, आणि आई, जागा व खाणे एकाच दिवशी बदलल्यामुळे ते एक-दोन दिवस जवळजवळ उपाशीच राहते. या उपासाने लहान आतड्यातील अन्नरस शोषणारे अंकुर आखूड होतात, न पचलेली प्रथिने पुढे सरकतात आणि त्यांवर ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूच्या रोगकारक जाती फोफावतात. म्हणून उपयोगी जिवाणूंची वस्ती आधीच बसलेली असावी लागते.

आम्ही बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस यांची बीजाणूयुक्त (म्हणजे कठीण कवचातील सुप्त जिवाणूंची) भुकटी निवडली. त्यापूर्वी लॅक्टोबॅसिलसची भुकटी वापरून पाहिली होती, परंतु ते जिवंत जिवाणू उष्णता आणि दमट हवा सहन करत नाहीत, आणि कोकणात या दोन्हींपासून सुटका नाही. बीजाणू मात्र गोळी खाद्य तयार करतानाच्या उष्णतेतही बऱ्याच अंशी टिकतात. मका, सोयापेंड आणि मासळीची कुटी यांच्या भरड्यात भुकटी थेट मिसळण्याऐवजी आम्ही ती आधी थोड्या भरड्यात कालवून मग साऱ्या खाद्यात फिरवतो. अन्यथा एका पिल्लाच्या वाट्याला फार आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. पिल्ले आईजवळ असतानाच हे खाद्य त्यांच्यापुढे थोडे थोडे ठेवतो. शिवाय व्यायच्या आधीपासून मादीच्या खुराकातही तेच मिसळतो, कारण पिल्लाला पहिले जिवाणू आईच्या शेणातून आणि कातडीवरून मिळतात. माझ्या मते सर्वाधिक फरक याच गोष्टीने पडला.

दिसलेला फरक असा. दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातील पातळ हगवण ठळकपणे कमी झाली, पिल्लांचे मागचे अंग स्वच्छ राहू लागले, आणि एका वेतातील पिल्लांच्या वाढीत पूर्वी दिसणारी मोठी तफावत कमी झाली. वजनवाढीत मात्र डोळ्यांत भरेल असा बदल मला दिसला नाही, आणि पाकिटांवरील तशा आश्वासनांवर विसंबून कोणी खरेदी करू नये. एका गटाला खाद्यबदल आणि मुसळधार पावसातील गारठा एकाच वेळी सोसावा लागला, तेव्हा भुकटी सुरू असूनही हगवण आलीच आणि पशुवैद्यकांना बोलवावे लागले. कोरडी जमीन, नव्याने तोडलेल्या पिल्लांना २८ अंशांच्या आसपास ऊब आणि स्वच्छ पाणी यांची जागा कोणतीही भुकटी घेऊ शकत नाही.

प्रीबायोटिकबद्दल माझे मत अधिक सावध आहे. इन्युलिन हा वनस्पतींतील तंतुमय पदार्थ आतड्याच्या शेवटच्या भागात आंबतो. त्यातून बनणारे ब्युटिरेट हे आम्ल आतड्याच्या अस्तराला पोसते. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील मॅनन-ऑलिगोसॅकराइड या साखरेच्या साखळीला चिकटून काही जिवाणू शेणावाटे बाहेर पडतात खरे, परंतु पिल्लांच्या हगवणीत नेहमी सापडणारी एफ४ प्रकारच्या चिकट तंतूंची ई. कोलाय अशा साखरेला धरून आतड्याला चिकटतच नाही. म्हणून केवळ प्रीबायोटिकवर मी खर्च करणार नाही. प्रोबायोटिकच्या जोडीला ते ठीक आहे.

प्रतिजैविकांचा सोपा रस्ता आता बंद होत चालला आहे, आणि तसे व्हायलाच हवे. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांवर २००६ पासून बंदी घातली, पिल्लांना औषध म्हणून दिले जाणारे जास्त मात्रेतील झिंक ऑक्साइड २०२२ मध्ये थांबवले, आणि आपल्याकडे २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा वापर बंद झाला. माणसासाठी राखून ठेवायची औषधे आपण खाद्यात ओतत राहावे, हे मला कधीच पटले नाही.

खरेदी करताना पाकिटावर जिवाणूची जात आणि वाण, प्रति ग्रॅम जिवंत जिवाणूंची संख्या व वापराची मुदत छापलेली आहे का, हे पाहावे. नुसते ‘उपयुक्त जिवाणू’ असे लिहिलेले पाकीट परत करावे. पाण्यातून द्यायची भुकटी क्लोरीनच्या पाण्यात मिसळू नये. पशुवैद्यकांनी प्रतिजैविक दिले असेल, तर ते या जिवाणूंनाही मारू शकते, म्हणून प्रोबायोटिक केव्हा पुन्हा सुरू करायचे ते त्यांनाच विचारावे. इन्युलिनची मात्रा मनाने वाढवू नये, कारण ते जास्त झाले तर शेण त्यानेच पातळ होते आणि मग रोग कोणता व खाद्याचा परिणाम कोणता, हे ओळखणे कठीण जाते.