बॅटरी ‘खुलण्याची’ वाट पाहिली आणि परत करायची मुदत गेली

"ताई, आधी सहा-सात चार्ज होऊ द्या. बॅटरी खुलली की पूर्ण पॉवर मिळेल."

नव्या वॉकी-टॉकीची रेंज कमी पडते अशी तक्रार केल्यावर आलेलं विक्रेत्याचं हे उत्तर मी खरं मानलं, तिथेच फसले. अधूनमधून वापरायच्या वॉकी-टॉकीचे सहा-सात चार्ज व्हायला तीन आठवडे सहज लागतात. वस्तू परत करायची मुदत होती दहा दिवसांची. हा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता, मला नव्हता. अकराव्या दिवसापासून त्याची उत्तरं यायची बंद झाली.

तेव्हा मी हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या, परवान्याची तयारी करत होते. दादा आणि मी डोंगरात भटकायला जातो, तिथे मोबाईलला रेंज नसते. म्हणून हँडसेटची एक जोडी घ्यायची ठरवली. महागड्या सेटची ऐपत नव्हती, आणि स्वस्त सेट वाईटच असतात असंही नाही. प्रामाणिकपणे ‘चार-पाच वॅट, दोन बँड’ (फ्रिक्वेन्सीचे दोन पट्टे) एवढंच सांगून विकलेला साधा सेट शिकणाऱ्याला पुष्कळ झाला. मी मात्र त्याच्या शेजारची जाहिरात निवडली. १० वॅट, ४० किलोमीटर रेंज, ३८०० एमएएचची जादा बॅटरी, कोणालाही ऐकू न जाणारे गुप्त कोड, आणि परवान्याची गरज नाही. सोबत लांब अँटेना आणि प्रोग्रॅमिंग केबल मोफत.

खोक्यात एक छोटं कार्ड होतं. पाच तारे द्या, फोटो पाठवा, इअरफोन भेट मिळेल. सेट चालू होत होते, आवाज येत होता, दिसायला छान होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी पाच तारे दिले. याचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं. माझं मत वाचून आणखी कुणीतरी तेच सेट घेतले असतील. वस्तू तपासण्याआधी मत देऊ नका, आणि भेटीच्या बदल्यात तर कधीच देऊ नका. जिथे सगळी मतं पहिल्या दोन-तीन दिवसांतली असतात आणि सगळ्यांत ‘पॅकिंग छान’ एवढंच असतं, तिथून लांब राहा.

पहिली शंका दादाला आली. वस्तीतून चालत तो दोन किलोमीटरही गेला नसेल, तोच त्याचा आवाज खरखरीत बुडाला. विक्रेत्याला लिहिलं, तर वर दिलेलं उत्तर आलं. ते ऐकायला पटण्यासारखं होतं. बॅटरी आधी ‘तयार’ करावी लागते हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण ती गोष्ट जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची. या सेटमधली बॅटरी लिथियम-आयन असते. पहिल्या चार्जला जी क्षमता तीच तिची क्षमता. पुढे ती कमीच होत जाते, वाढत नाही.

मुदत संपल्यावर मी सेट घेऊन आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ काकांकडे गेले. ते कित्येक वर्षं हॅम आहेत. त्यांनी सेट चालूसुद्धा केला नाही. आधी दोन्ही बॅटऱ्या काढल्या आणि बारीक वजनाच्या काट्यावर ठेवल्या. सेटबरोबरची १८०० एमएएचची बॅटरी भरली ८४ ग्रॅम. ३८०० एमएएच असं ठळक छापलेली, जाडजूड जादा बॅटरी भरली ८९ ग्रॅम.

"आता तूच सांग," काका म्हणाले.

दोन्ही ७.४ व्होल्टच्या. १८०० एमएएच म्हणजे साधारण १३ वॅट-तास, ३८०० म्हणजे २८. दुपटीहून जास्त ऊर्जा साठवायची तर आतले सेलही बरेच जड हवेत. इथे फरक फक्त पाच ग्रॅमचा, म्हणजे जास्तीच्या प्लॅस्टिकचा. काकांनी ती बॅटरी कानाशी धरून हलवली आणि मग माझ्या हातात दिली. आत काहीतरी किंचित हलत होतं. मोठ्या डब्यात छोटे सेल बसवले होते, बाकी जागा रिकामी. घरात वजनकाटा असेल तर ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला रेडिओचं ज्ञान लागत नाही. मी ती पहिल्याच दिवशी केली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं.

मग वॅटची पाळी आली. काकांनी अँटेना काढून सेटला पॉवर मीटर आणि ५० ओहमचा डमी लोड जोडला. डमी लोड म्हणजे सेटची सगळी पॉवर उष्णतेच्या रूपात जिरवणारा रोधक. त्यामुळे हवेत सिग्नल न सोडता मोजणी होते. बॅटरीच्या जागी त्यांनी पॉवर सप्लाय लावला, म्हणजे सेट किती वीज खातो तेही कळेल. १४५ मेगाहर्ट्झला पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबलं. मीटर ४.४ वॅटवर थांबला. पॉवर सप्लायवर आकडा होता १.४ अँपिअर.

हे दोन आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. ७.४ व्होल्ट गुणिले १.४ अँपिअर, म्हणजे सेटच्या आत जात होते जेमतेम साडेदहा वॅट. त्यातले निम्म्याहून कमी अँटेनापर्यंत पोचतात, बाकी उष्णता होऊन जातात. जास्त वेळ बोललं की सेटची पाठ गरम लागते ती त्यामुळेच. दहा वॅट बाहेर हवे असतील तर वीस वॅटच्या आसपास आत जायला हवेत. बॅटरीने सहा-सात काय, सत्तर चार्ज खाल्ले असते तरी या सेटमधून दहा वॅट निघाले नसते.

आणि समजा निघाले असते, तरी काय झालं असतं? पॉवर दुप्पट केली की सिग्नल ३ डेसिबलने वाढतो. एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापकावर, एक घर वर जायला ६ डेसिबल लागतात, म्हणजे चौपट पॉवर. पाचाचे दहा वॅट झाले तर समोरच्याच्या कानाला फरक कळेलच असं नाही. बॅटरी मात्र अर्ध्या वेळात संपेल.

रेंज ठरते उंचीवर. या बँडचे सिग्नल बहुतेक सरळ रेषेत जातात, क्षितिज आलं की संपलं. अँटेना जमिनीपासून किती मीटर उंच आहे त्याचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा, की रेडिओचं क्षितिज साधारण किती किलोमीटरवर आहे ते कळतं. हातातला सेट दीड मीटरवर धरला तर पाच किलोमीटर. दोघेही सपाट मोकळ्या जमिनीवर असतील तर फार तर दहा. मध्ये इमारती आणि झाडी आली की दोन-तीनसुद्धा कठीण. पण एकजण शंभर मीटर उंच टेकडीवर गेला की त्याचं क्षितिज ४१ किलोमीटरवर जातं. म्हणजे जाहिरातीतले ४० किलोमीटर पूर्ण खोटे नव्हते. ते डोंगरमाथ्यावरचे होते आणि मला वस्तीत वापरायला विकले होते. पुढे परवाना मिळाल्यावर याच जोडीतल्या एका सेटवरून, याच ४.४ वॅटवर, माथ्यावरून मी २७ किलोमीटरवरच्या दादाशी स्वच्छ बोलले आहे.

लांब अँटेना तर सेटबरोबरच्या आखूड अँटेनापेक्षाही वाईट निघाली. दूरचा एक रिपीटर (आलेला सिग्नल उंचावरून पुन्हा प्रसारित करणारं केंद्र) आखूड अँटेनावर ऐकू यायचा, लांब लावली की गायब. शेवटी मी ब्लेडने तिचं रबर चिरलं. खाली छोटंसं वेटोळं, त्यापुढे वीतभर तार, आणि तिथून टोकापर्यंत नुसतं पोकळ रबर. केबलमधली चिपही नकली होती. मूळ चिप बनवणाऱ्यांचा ड्रायव्हर ती ओळखतो आणि चालवायला नकार देतो, त्यामुळे संगणकाला सेट दिसेच ना. त्यात माझी एक अख्खी रात्र गेली.

‘गुप्त कोड’ हा शब्द धोक्याचा आहे, कारण त्यावर विसंबून माणसं खाजगी गोष्टी बोलतात. तो कोड म्हणजे सीटीसीएसएस टोन. बोलण्याच्या मागे, कानाला सहसा जाणवणार नाही असा ६७ ते २५० हर्ट्झमधला एक हलका, खालचा सूर जातो आणि त्या सुराशिवायचे आवाज तुमचा सेट बंद ठेवतो. दुसऱ्यांची बडबड तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच काम. तुमचं बोलणं टोन न लावलेल्या कुठल्याही सेटवर जसंच्या तसं ऐकू जातं.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो ‘परवान्याची गरज नाही’ या ओळीचा. बाकी खोटेपणात माझे पैसे गेले. या ओळीने मी गुन्ह्यात अडकले असते. हे सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू देतात. त्यात हॅमचा छोटा पट्टा येतो, तसंच पोलीस, रुग्णवाहिका आणि जहाजांचे चॅनेलही येतात. १५६.८ मेगाहर्ट्झ हे समुद्रावरच्या मदतीच्या हाकेचं चॅनेल आहे. कीपॅडवर हा आकडा टाकून कुणी गंमत म्हणून बटण दाबलं, तर सेट अडवत नाही. विनापरवाना वापरायचे सेट असतात, पण ते वेगळे. युरोपातले ४४६ मेगाहर्ट्झचे घ्या, अर्धा वॅट, ठरलेले चॅनेल, अँटेना न निघणारी. अमेरिकेतल्या एफआरएस या विनापरवाना सेवेच्या सेटची अँटेनाही काढता येत नाही. ज्या सेटची अँटेना पिळून निघते आणि ज्यावर हवी ती फ्रिक्वेन्सी टाकता येते, तो ‘परवान्याशिवाय चालतो’ असं कुणी म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा आणि आपल्या देशाचा नियम स्वतः वाचा.

काकांनी शेवटी सेट अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावून स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला जोडला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला. पडद्यावर १४५ ला उंच सुळका होताच. २९० वर दुसरा, ४३५ वर तिसरा. दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचा हा कचरा गाळण्यासाठी सेटमध्ये फिल्टर असावा लागतो. चांगल्या सेटमध्ये हे सुळके खालच्या रेषेत बुडालेले असतात. माझ्या एका सेटचे ठळक दिसत होते, जोडीतल्या दुसऱ्याचे बरेच कमी. एकाच खोक्यातले, एकाच नावाचे दोन सेट.

"हा ऐकायला ठेव," काकांनी पहिला बाजूला काढला. "यावर बोलू नकोस. परवाना मिळाला तरी नको."

परवाना मिळाला. तो सेट खिडकीत असतो, रिपीटर ऐकायला. पीटीटीवर मी चिकटपट्टी लावली आहे. मी माझं पाच ताऱ्यांचं मत बदलून वजनाचे आणि वॅटचे आकडे लिहिले, तेव्हा आठवड्याभरात विक्रेत्याचं ते पानच नाहीसं झालं. मागच्या महिन्यात दादाने एक नवी जाहिरात पाठवली. विक्रेत्याचं नाव वेगळं, सेटचा फोटो तोच, बॅटरीवरचं ३८०० तेच. फक्त पॉवर आता १५ वॅट लिहिली आहे.