फुकट आलेले अडॅप्टर

पार्सल उघडलं तेव्हा स्टिअरिंग बॉक्सबरोबर, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीबरोबर, एक लहानशी पिशवी निघाली. तिच्यात तेलाच्या नळ्यांचे, म्हणजे होजचे, दोन अडॅप्टर आणि स्टिअरिंगचा दांडा बॉक्सला जोडायचा एक नवाकोरा रबरी जोड. या वस्तूंचे पैसे मागितलेच नव्हते. मी त्या माणसाला फोन करून मनापासून आभार मानले. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. मला कसं फसवलं याचा पुरावा त्या पिशवीत होता, आणि तो मी हसत हसत बसवून टाकला.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. गॅरेजमध्ये १९६८ ची शेव्हरले शेव्हेल मालिबू आहे. जोरदार इंजिनाची एसएस ३९६ नाही, ३०७ क्युबिक इंचाचं साधं व्ही-८. बालपण कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथच्या आवाजात गेलं, त्यामुळे लोखंडातलं आपल्याला कळतं असा एक माज अंगात आहे. फसवणाऱ्याला नेमकं तेच गिऱ्हाईक हवं असतं, हे नंतर कळलं.

या गाडीचं मूळ पॉवर स्टिअरिंग म्हणजे जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाचा ८०० मालिकेतला बॉक्स. मिशिगनमधलं सॅगिनॉ गाव आमच्यापासून दीड-दोन तासांवर. बॉक्स दणकट, पण त्या काळच्या आवडीप्रमाणे लोण्यासारखा हलका. एका बोटानं स्टिअरिंगचं चाक फिरतं आणि खालचा रस्ता हाताला काही म्हणजे काही कळत नाही. शिवाय रेशो १७.५ ला १ (चाकांकडचा दांडा एकदा फिरायला स्टिअरिंगचे साडेसतरा फेरे), म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ चार फेरे. जीएमनंच पुढे १९८० च्या दशकात मॉन्टे कार्लो एसएस आणि कमॅरो आयरॉक-झेडसारख्या गाड्यांना १२.७ ला १ चे बॉक्स दिले, म्हणजे फेरे कमी. त्यांच्यात आतला टॉर्शन बारही जाड. चाक वळवलं की हा बार पिळला जातो आणि त्या पिळानं तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो. बार जाड असेल तर जोर जास्त लागतो आणि हाताला रस्ता जाणवतो. हेच मला हवं होतं.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, गाडी घेऊन गेलो होतो. तिथे गप्पांतून जुने बॉक्स नव्यासारखे करून देणाऱ्या एका रीबिल्डरचा नंबर मिळाला. शेजारच्या राज्यात, घरच्या गॅरेजात काम करणारा. फोनवर अर्धा तास बोलला, आणि काय गोड बोलला! त्याचं म्हणणं असं: बाजारातला दुसरा बॉक्स कशाला घेता? तुमचाच पाठवा. तुमच्याच हौसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, मी १२.७ चे गिअर आणि जाड बार घालून देतो. बाहेरून १९६८ चा अस्सल, आतून आयरॉक. ज्याला जुन्या गाडीचं वेड आहे त्याला याहून गोड काय ऐकवणार?

दर ४५० डॉलर. पैसे पेपॅलनं पाठवा, पण ‘मित्र आणि कुटुंब’ हा पर्याय निवडा, म्हणजे कमिशन वाचेल. तो पर्याय निवडला की खरेदीचं संरक्षण मिळत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं. बायको म्हणाली, “अहो, हा माणूस तुमचा मित्र कधीपासून?” मी हसण्यावारी नेलं.

तीसेक पौंडांचा बॉक्स लाकडी खोक्यात घालून पाठवला. पाच आठवड्यांनी परत आला तो काळ्या रंगात चमकत, वर पांढऱ्या रंगाची खूण. सोबत चिठ्ठी: बॉक्स बरोबर मधल्या जागी लावून दिला आहे, गाडीत बसवण्याआधी फिरवू नका, नवी सील कोरडी आहेत, खराब होतील.

ही चिठ्ठी म्हणजे सगळ्या खेळाची चावी. बॉक्स हातात असताना तो फिरवून फेरे मोजणं हीच एकमेव खरी परीक्षा, आणि तीच करू नका म्हणून बजावलेलं. बॉक्समध्ये थोडं तेल घालून हातानं सावकाश फिरवल्यानं सीलला काहीही होत नाही. मी मात्र आज्ञाधारक मुलासारखा तसाच बॉक्स फ्रेमला तीन बोल्टांनी आवळला. माझे जुने होज त्याच्या तोंडांत बसेनात. आत फ्लेअरची, म्हणजे नळीचं पसरट टोक टेकायची, बैठकच नाही, रबरी कडीनं गळती थांबवणारी ओ-रिंगची तोंडं. पण अडॅप्टर होते ना फुकट आलेले! लावले.

इथे जरा थांबून सांगायला हवं. रबरी जोड बदलावा लागणं समजू शकतं. नंतरच्या बॉक्सच्या शाफ्टची जाडी आणि त्यावरचे दात वेगळे असतात, आणि आतले भाग बदलले तर शाफ्टही बदलणार. पण होजची तोंडं हौसिंगच्या ओतकामातच असतात. १९६८ च्या बॉक्सला फ्लेअरची तोंडं, ओ-रिंगची मेट्रिक तोंडं आली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. हौसिंग माझंच असेल, तर माझे होज बसायलाच हवे होते. इतकं साधं. उद्यमनगरातल्या बारा वर्षांच्या पोरानंही विचारलं असतं.

पहिल्याच फेरीत पार्किंगमधून निघताना वाटलं, फेरे तेवढेच लागताहेत. मनाची समजूत घातली. मग हायवेच्या गोल रॅम्पवर वळण संपलं, चाक सैल सोडलं, आणि ते सरळ व्हायला तयार नाही. जिथे होतं तिथेच चिकटलेलं. मी ते ओढून सरळ करेपर्यंत उजवी चाकं खडीत गेली होती. कोणी शेजारी नव्हतं म्हणून ठीक. फोन केला तर म्हणाला, पाचशे मैल चालवा, सगळ्यांना आधी असंच वाटतं. दुसरा फोन उचलला नाही. तिसऱ्याला नंबरच बंद.

बॉक्स उतरवला, बाकावर शिकंज्यात धरला आणि मोजला. पावणेचार फेरे. टोकांना आतले थांबे असतील तर नुसते फेरे फसवू शकतात, म्हणून दुसरीही परीक्षा केली. पिटमन शाफ्टला, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या खालच्या दांड्याला, पट्टी बांधली, वरचा शाफ्ट बरोबर एक फेरा फिरवला आणि कोन मोजला. १२.७ चा असता तर पट्टी २८ अंश सरकायला हवी होती. सरकली २१ च्या आत. हिशेब सोपा आहे, ३६० ला रेशोनं भागा. एक पट्टी, शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि दोन मिनिटं.

मग वरच्या झाकणाचे चार बोल्ट काढले. सील तेवढी नवी. पिटमन शाफ्टचे मधले दात घासून गुळगुळीत झालेले. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे झीज मधोमधच होते आणि चाकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. तो लपवायला झाकणावरचा ॲडजस्टिंग स्क्रू दाबून आवळला होता. त्यानं मधला प्ले जातो, पण बाजूच्या न झिजलेल्या दातांवर बॉक्स जाम होतो. रॅम्पवर चाक चिकटलं ते यामुळेच. थोडक्यात, सील किट आणि रंगाचा डबा एवढाच त्याचा खर्च.

४५० डॉलरचं दुःख मी पचवलं असतं. पण माझ्या बॉक्सच्या खालच्या कानाला, म्हणजे बोल्ट बसायच्या बाहेर आलेल्या भागाला, एक टवका होता, जॅक निसटून पडला तेव्हाचा. या बॉक्सच्या कानाला टवका नव्हता. गाडीबरोबर १९६८ पासून असलेला मूळ बॉक्स त्यानं ठेवून घेतला आणि कुठल्याशा नंतरच्या गाडीचा भंगारातला रंगवून मला दिला. मूळ बॉक्सला गिऱ्हाईक मिळतं. मी तर तो स्वतःच्या खर्चानं, लाकडी खोक्यात जपून घरपोच केला होता. पाठवण्याआधी एक फोटोदेखील काढला नव्हता, ओतकामावरचा क्रमांक लिहून ठेवला नव्हता. एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे तक्रार नोंदवली, त्याच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडेही. पोचपावत्या आल्या. “हा बॉक्स तुमचा नव्हे, हे कशावरून?” असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे टवक्याच्या आठवणीपलीकडे दाखवायला काही नाही.

पुढचा बॉक्स नवा घेतला, दुकानात जाऊन, क्रेडिट कार्डावर. काउंटरवरच त्यांच्याकडून पाना मागून घेतला आणि फिरवून पाहिला. तीन फेरे. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, असं कुणी करत नाही.

गाडी आता झकास वळते. फक्त स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, कुणाच्या टेबलावर सॅगिनॉ बॉक्स दिसला, की मी तो उलटा करून खालच्या कानावर बोट फिरवतो. विकणारा विचारतो, काय शोधताय? मी म्हणतो, काही नाही, आणि पुढच्या टेबलाकडे जातो.